काठीने दाबलेलं बटण

कपडे वाळत घालायची काठी मी त्याच्या खिडकीच्या गजांतून आत घातली, समोरच्या भिंतीवरचं बटण दाबलं, आणि माझ्या स्वयंपाकघरात भोंगा वाजायला लागला. तो वाजायला नको होता. बटण दाबलं की भोंगा गप्प राहतो, एवढंच मला त्या यंत्रातलं ठाऊक होतं. मी पुन्हा दाबलं. भोंगा चालूच. आणखी जोरात दाबलं. अंगावर नवी नऊवारी, चौक गावात भाचीचा साखरपुडा, रस्त्यावर रिक्षा उभी, आणि मी काठीने भिंत ढोसत त्या बटणाच्या सात पिढ्या काढत होते.

ज्याची ती खोली, तो त्या वेळी खिडकीच्या खालीच पडला होता. भिंतीच्या अलीकडे माझे पाय, पलीकडे त्याचं डोकं. मध्ये एक वीट.

मी रडणारी बाई नाही. नवरा गेला त्या दिवशी बाराव्या मिनिटाला मी चूल पेटवली होती, कारण लोक येणार होते. पण ती दुपार आठवली की आजही हातातलं भांडं मी खाली ठेवते.

तो माझा भाडेकरू. भाईंदरजवळ मुर्ध्याला आमची मिठागरं होती. ती गेली, उरलेल्या तुकड्यावर चार खोल्या बांधल्या, आणि शेवटच्या खोलीत तो आठ वर्षं राहिला. मुंबईतून आला होता. वय पन्नाशीचं, अंगाने काडी, बनियन नेहमी उलटं. बायको होती, सोडून गेली होती. का, ते मी विचारलं नाही. आठ दिवसांत आपोआप कळलं.

कोणी भेटलं की 'कसे आहात' असं तो विचारत नसे. विचारायचा, "चालू आहे ना?" माझ्या सुनेला एकदा सकाळी सकाळी हे विचारलं आणि ती धुण्याचा पिळा टाकून आत आली. "आई, हा माणूस बरा नाही," म्हणाली. माणूस बरा होता. त्याला माणसं आणि मोटारी यांच्यातला फरक दिसत नव्हता, एवढंच.

वाडीत त्याला सगळे कुत्रेवाला म्हणत. कुत्रा त्याच्याकडे नव्हता. नवीन माणूस आला की दारातच दबकून विचारायचा, "बांधलाय ना?" कुत्रा होता तो यंत्रातला.

त्याचं काम असं. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारी, उत्तनकडचा बर्फाचा कारखाना, असल्या ठिकाणी मोटार कधी चालू आणि कधी बंद करायची ते ठरवणाऱ्या पेट्या तो बनवायचा. पेटीत एक हिरवी पाटी, आणि पाटीत तो प्रोग्राम भरायचा. त्याचं म्हणणं, प्रत्येक यंत्र कधी ना कधी जागच्या जागी थिजतं. दिवा चालू, वीज चालू, आत काम बंद. त्याला तो हँग झालं म्हणायचा. म्हणून पाटीतच एक वेगळं घड्याळ असतं. त्याला एकच गोष्ट येते, उलटे आकडे मोजणं. प्रोग्रामने दर थोड्या वेळाने त्याला सांगायचं की मी जागा आहे, मग ते पुन्हा पहिल्यापासून मोजतं. कोणी काही सांगितलं नाही आणि आकडे संपले, तर ते यंत्राची मान धरून त्याला बंद करतं आणि पुन्हा सुरू करतं. त्या घड्याळाला वॉचडॉग म्हणतात. तो नुसतं कुत्रा म्हणायचा, आणि जागं असल्याचं सांगणं म्हणजे कुत्र्याला जेवण घालणं.

"काकी, हा कुत्रा अडाणी आहे म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवायचा," तो म्हणायचा. "हुशार असता तर त्यानेही सबबी सांगितल्या असत्या."

"म्हंजे माझ्यावानी," मी म्हटलं. मी चौथी शिकलेली.

"हो, तसाच," तो म्हणाला. चेहऱ्यावर लाज नाही.

दुपारी तो माझ्या दारात येऊन उभा राहायचा. "काकी, तुमचा गॅसचा लायटर द्या. पाटी मारायची आहे." पहिल्यांदा मला कळेना. मग बघायला गेले. टेबलावर हिरवी पाटी, तिच्यावर लुकलुकणारा लाल दिवा, आणि हा तिच्याजवळ माझा लायटर नेऊन टकटक ठिणग्या पाडतोय. दहा-बारा ठिणग्यांनंतर दिवा लुकलुकायचा थांबला. पेटलेला तसाच राहिला. हा डोळे मिटून मोजायला लागला, "एक, दोन..." आणि दिवा विझून पुन्हा लुकलुकायला लागला. त्याने टाळी वाजवली. "चावला! बघितलंत? चावला!" पन्नास वर्षांचा घोडा. एक पाटी तो दोनशे वेळा मारायचा आणि दोनशे वेळा उठवायचा. एकदा जरी उठली नाही तरी प्रोग्राम फाडून नवा लिहायचा. मी माझा लायटर परत मागायला गेले की म्हणायचा, "अजून एकशे चाळीस वेळा मारायची आहे."

एवढं करूनही एकदा त्याची फजिती झाली. पूनम सागर भागात एका बिल्डिंगला त्याची पेटी होती. मोटार चालू असताना पेटी थिजली आणि कुत्रा चावला नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहिली, सात मजले जिन्यावरून पाणी, खालच्या तळघरातली टाकी कोरडी, मोटार जळाली. तो तिथून परत आला तो माझ्या ओट्यावर बसला. चहा दिला, घेतला नाही.

"काकी, मी गाढव आहे."

"ते हाय. झालं काय?"

"मी कुत्र्याला घड्याळाच्या हातून जेवण घातलं. प्रोग्रामच्या आत एक ठोका पडत असतो, तो आपोआप पडतो. मी जेवण त्या ठोक्याला बांधलं, म्हणजे विसरायला नको. काम करणारा मेला होता काकी, पण ठोका पडत होता. कुत्र्याला वाटलं घरात सगळं ठीक आहे. तो जेवत राहिला."

मला हसू आलं. कारण हे मला ठाऊक होतं.

आमच्या मिठागरावर भरतीच्या वेळी बांधावर राखणदार असायचा. खाडीचं पाणी आत घ्यायचं एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात, त्याच्यावर आणि बांधावर त्याने नजर ठेवायची. दर थोड्या वेळाने त्याने हाळी द्यायची. हाळी ऐकू आली की घरी सासरे निश्चिंत. एका वर्षी राखणदार छपराखालच्या खाटेवर पडून हाळी देत राहिला. हाळी वेळच्या वेळी, खणखणीत. बांध फुटला. हंगामाचं मीठ पाण्यात गेलं, आणि पाणी गुडघ्याला लागेपर्यंत गडी हाळ्या देत होता. त्यानंतर सासऱ्यांनी नियम केला. बांधाच्या चारही कोपऱ्यांवर वेगवेगळ्या खुणेचे खडे ठेवले. प्रत्येक कोपऱ्यावर जायचं, तिथला खडा उचलायचा, हाळी द्यायची, आणि खडा पुढच्या कोपऱ्यावर ठेवायचा. नंतर सासरे जाऊन कुठला खडा कुठे पोचला ते बघायचे. आणि दोन हाळ्या पाठोपाठ ऐकू आल्या तर ते चपला घालून लगेच निघायचे. म्हणायचे, उशिरा हाळी देणारा एक वेळ घसरून पडला असंल, पण घाईनं देणाऱ्याला खाटंवर पडायचं असतंय.

हे मी त्याला सांगितलं. तो ओट्यावरून उठून उभाच राहिला.

"हे तुमच्या सासऱ्यांनी कधी शोधलं?"

"कधी ते मना काय ठावं? साल कोन लिवून ठेवतंय?"

तो घरात शिरला, सासऱ्यांच्या फोटोपुढे उभा राहिला आणि हात जोडले. सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "असू दे. देवळात जात न्हाय तो, इथं तरी वाकला."

त्यानंतर त्याच्या सगळ्या पेट्यांचे प्रोग्राम त्याने बदलले. आधी टाकीची पातळी बघायची, मग मोटार बघायची, मग वायर बघायची, तिन्ही ठिकाणचे खडे गोळा झाले तरच कुत्र्याला जेवण. प्रोग्रामच्या त्या ओळींना तो 'सासरे' म्हणायचा. फोनवर कोणाशी तरी बोलताना मी स्वतः ऐकलं, "नाही नाही, सासरे टाकल्याशिवाय माल जाणार नाही."

आता त्याच्या दुखण्याचं. त्याला साखरेचा आजार होता, स्वतःच्या पोटात सुई टोचून घ्यायचा. सुई घेतली आणि वेळेवर खाल्लं नाही तर साखर एकदम खाली जायची आणि तो थिजायचा. पहिल्यांदा मी बघितला तेव्हा अंगणात ब्रश तोंडात घालून उभा, डोळे उघडे, तोंडाचा फेस गळ्यापर्यंत. समोर सून धुणं धूत होती. मला वाटलं बघतोय मेला. मी तांब्याभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं. पापणी हलली नाही. मग घाबरले. गूळ आणून हिरडीला चोळला तेव्हा पाचेक मिनिटांनी म्हणतो कसा, "काकी, मी हँग झालो होतो. तुम्ही रीस्टार्ट केलं."

"लगीन कर," मी म्हटलं.

"केलं होतं. तिने कंटाळून अनप्लग केलं."

मग त्याने स्वतःसाठी पेटी बनवली. त्याच्या खोलीत, खाटेपासून लांबच्या भिंतीवर बटण. माझ्या फ्रिजवर भोंगा, ट्रक मागे घेताना वाजतो तसला. चार तासांच्या आत त्याने बटण दाबायचं. दाबलं की एक टिंग. वेळ संपत आली की बटणाशेजारी लाल दिवा, आणि तरीही दाबलं नाही तर भोंगा. भोंगा वाजला की मी धावायचं. बटणाच्या वरती भिंतीला कागद चिकटवला होता. साखर मोजली. सुई. खाल्लं. पाणी प्यायलो. चारही झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हा त्याचा स्वतःला घातलेला दंडक. रात्रीचा हिशेब वेगळा होता, तो त्याने यंत्रातच घातला होता.

खोलीच्या दाराची एक किल्ली मला दिली. म्हणाला, "काकी, दोनच गोष्टी. भोंगा वाजला तर यायचं. आणि माझ्याऐवजी बटण कधीच दाबायचं नाही. कधीच."

"न्हाय दाबणार," मी म्हटलं.

दाबलं. पंधरा दिवसांत दाबलं. कारण तो मेला नव्हता, बाहेर गेला होता आणि विसरला होता. भोंगा वाजला, मी पदर खोचून धावले, कुलूप. सायकल नाही. शेजारचा सलीम रिक्षा घेऊन निघायच्या बेतात होता, तो ओरडला, "चाची, ये क्या एम्बुलन्स पाल रखी है घर में?" असं आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. मी त्याला शिव्या दिल्या, तो मान खाली घालून ऐकायचा आणि पुन्हा विसरायचा. मग मला युक्ती सुचली. खिडकीतून लाल दिवा दिसायचा. दिवा लागला, सायकल नसली, की मी कपड्यांची काठी आत घालून बटण दाबायची. टिंग. कामाला मोकळी. किल्ली काढा, कुलूप उघडा, एवढंही करायला नको.

सासऱ्यांची गोष्ट मीच त्याला सांगितली होती, आणि मीच खाटेवरून हाळी देत होते. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. वर्षभर आलं नाही.

साखरपुड्याच्या दिवशी दहा वाजता मी त्याची टिंग ऐकली होती. साडेबारा वाजता आम्ही निघालो. म्हटलं, हा बाहेर गेलेला दिसतो, दारात सायकल नाही. दोन वाजता भोंगा वाजेल, घरात कोणी नाही, सगळी वाडी बोंबलेल. दिवा लागला नव्हता, पण आत्ताच दाबून ठेवलं तर साडेचारपर्यंत बघायला नको. सून म्हणाली, "आई, सलीमची रिक्षा थांबलीय." मी म्हटलं, "आलेच." आणि काठी घेतली.

सायकल त्याने पंक्चरला टाकली होती. नंतर कळलं.

तर भोंगा वाजत होता आणि मी ढोसत होते. सून आतून ओरडली, "आई, हा बंद होत नाही, मी वायर खेचली तरी होत नाही!" त्याला आत बॅटरी होती. मला वाटलं काठीचा नेम चुकतोय. बटण नीट बघावं म्हणून मी धुण्याच्या दगडावर चढले आणि गजांना तोंड लावून आत डोकावले. बटण बरोबर होतं. मग नजर खाली गेली.

उलटं बनियन. एक हात अंगाखाली, एक हात भिंतीकडे लांब केलेला, बटणाच्या दिशेने. टेबलावर ताट झाकलेलं, तसंच. डोळे अर्धे उघडे. माझ्या काठीचं टोक त्याच्या अंगावरून आत गेलेलं होतं. म्हणजे मी इतका वेळ त्याच्या वरून भिंत ढोसत होते.

मी दगडावरून उतरले नाही, पडलेच. कोपर फुटलं. किल्ली आणायला धावले, किल्ली लावली, तर आतून कडी.

"सलीम! तोड! दरवाजा तोड!"

"चाची, हुआ क्या?"

"तोड म्हणते ना!"

सलीमने दोन लाथा घातल्या. तिसरी माझी. कडी उखडली. तो बर्फासारखा गार, घामाने भिजलेला, दात गच्च. पाणी ओतायचं नाही, हे त्याने मला शिकवलं होतं. सून गूळ घेऊन आली, मी त्याला कुशीवर केलं आणि गालाच्या आत बोटाने गूळ चोळला. काही नाही. आणखी चोळला. त्याने माझं बोट चावलं. रक्त आलं. भोंगा चालू होता आणि मी ओरडत होते, "चाव! चाव मेल्या, आणखी चाव!"

सलीमने त्याला खांद्यावर टाकलं. साखरपुड्याच्या रिक्षातून आम्ही त्याला भाईंदरच्या दवाखान्यात नेलं, मांडीवर डोकं, माझी नऊवारी गुळाने आणि रक्ताने माखलेली. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, मग मला बाजूला घेतलं. "आजी, आणखी तासभर उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. तुम्हाला कसं कळलं?"

मी काय सांगणार? मला कळलं नव्हतं. मी तर साडेचारपर्यंतची सोय करत होते.

तिसऱ्या दिवशी तो बसून पेज खात होता. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. काठी, वर्षभराचं, सगळं. मला आत ठेवून चालत नाही.

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"काठीला नीळ लागलेली असते तुमच्या. बटणावर निळे ठिपके यायचे. मी घरी आलो की पुसायचो."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तुम्ही थांबला असता?"

मी विचार केला. "न्हाय."

"म्हणून प्रोग्राम बदलला. माणूस बदलायला वेळ लागतो." त्याने चमचा खाली ठेवला. "आधी फक्त उशिरा जेवण दिलं तर कुत्रा चावायचा. आता लवकर दिलं तरी चावतो. लाल दिवा लागायच्या आधी कोणी बटण दाबलं तर समजायचं की दाबणारा मी नाही, घाईत असलेलं दुसरं कोणीतरी आहे. मला वाटलंच होतं, काकी कधीतरी घाईत येणार."

"आणि हे तुला सुचलं कुठून?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मी गंमत करते आहे की काय अशा नजरेने. "पाठोपाठच्या दोन हाळ्या. तुमचे सासरे चपला घालून निघायचे ना."

मी स्टुलावरून उठले. खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली सलीम रिक्षा पुसत होता. माझं बोट ठणकत होतं. मागून तो म्हणाला, "काकी, चालू आहे ना?"

"खा गुमान," मी म्हटलं.

दोन वर्षांनी त्याची बहीण त्याला नाशिकला घेऊन गेली. जाताना भोंगा काढतो म्हणाला, मी काढू दिला नाही. फ्रिजवर आहे, कशालाही जोडलेला नाही. काठीही आहे, तिच्यावर अजून कपडे वाळत घालते. सुनेने परवा विचारलं, "आई, त्या दिवशी दिवा लागेपर्यंत थांबला असता तर?" मी म्हटलं, तर दोन वाजता भोंगा रिकाम्या घरात वाजला असता, आणि आपण चौकला पेढे खात असतो.

त्या दुपारी भिंतीच्या आत तो होता, बाहेर मी होते, आणि त्याने कधीच करू नको म्हटलेलं तेच मी केलं. तो वाचला.